उताऱ्याच्या पुढचे

त्या सकाळी मी पाणी भरून घेतले होते, दूध उतू जाता जाता वाचवले होते आणि खिडकीतल्या दोरीवर ओले कपडे टाकत होते. मुलगा दाराशी बसून शाळेचे बूट घालत होता. हे टेबलाशी होते. परीक्षा मंडळासाठी प्रश्न काढणे हे त्यांचे काम. एका प्रश्नाला चार उत्तरे लागतात. त्यातले बरोबर उत्तर कोणीही लिहील. बाकीची तीन चुकीची, पण खरी वाटणारी उत्तरे लिहिण्यात यांचा हातखंडा होता. ती ते आधी माझ्यावर करून पाहत.

"ऐक गं जरा," ते म्हणाले आणि उतारा वाचून दाखवला. नदीवर पूल झाला आहे. म्हाताऱ्या नावाड्याकडे आता कोणी फिरकत नाही. एके संध्याकाळी पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारते. नावाडी उठतो, वल्ही उचलतो. संपला उतारा. प्रश्न असा: नावाड्याने वल्ही का उचलली? पैशासाठी, सवयीने, कर्तव्य म्हणून, की भीतीने?

"सवयीने," मी म्हटले.

"झकास! म्हणजे हा पर्याय चांगला फसवतोय."

"फसवतोय काय? मग तो गेला का पलीकडे?"

"ते विचारलेलं नाही," असे म्हणून ते हसले, उशीर झाला म्हणत कागद पिशवीत घातले आणि बाहेर पडले. बसथांब्यावरच कोसळले. निरोप आला तेव्हा माझ्या हातात त्यांचाच ओला सदरा होता.

मृत्युपत्रात हे कशाला, असे वकील म्हणतील. त्यांनी पुढे वाचावे.

मी, खाली सही करणारी, शाळांचे गणवेश शिवून घर चालवलेली विधवा बाई, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला आजचा वार विचारला; मी तो सांगितला आणि तुमचे कॅलेंडर मागच्याच महिन्यावर राहिले आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट माझाच कोणावर चालत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहिता लिहिता सारखी उठते आहे. जिन्याखाली नातीची पेटी भरून ठेवली आहे आणि येता जाता ती पायात येते.

कलम पहिले. माझे शिलाई मशीन सूनबाईला द्यावे. तिला शिवता येत नाही. पण मुलाशी बिनसले की ती मशीनवर येऊन बसते आणि दोरा न ओवता पायडल मारत राहते. तेवढ्यासाठी तरी ते तिच्याजवळ असावे.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलाचे. त्यातून त्याने आधी स्वतःच्या गुडघ्याचे बघावे. दिवसभर फळ्यासमोर उभा असतो.

कलम तिसरे. पुस्तके नातीची. याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मी शाळेत जेमतेम अक्षरओळखीपर्यंत गेले. वाचायला शिकले ती यांनी नापसंत करून टाकलेल्या उताऱ्यांवर. त्यामुळे मला खूप गोष्टी माहीत झाल्या आणि सगळ्या अर्ध्या. वादळात दिवा घेऊन निघालेली बाई कुठे पोचली, हरवलेला घोडा सापडला का, काही पत्ता नसे. हे गेल्यावर मी वाचनालयात नाव घातले, ते शेवट शोधायला. बरेच सापडले. नावाड्याचा सापडला नाही, कारण तो उतारा यांनी स्वतःच्या डोक्यातून लिहिलेला. तो त्यांच्याबरोबर गेला असे मी धरून चालले होते.

कलम चौथे. हे घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते मुलाला आणि सुनेला मिळावे, पण एका अटीवर. नातीला परीक्षेच्या तयारीच्या त्या दूरच्या निवासी वर्गाला पाठवायचे नाही. पाठवल्यास घर वाचनालयाला द्यावे.

कारण लिहिते. मुलाचा परीक्षेच्या तयारीचा क्लास आहे, याच घराच्या पुढच्या खोलीत. "गोल भरा, गोल! विचार घरी जाऊन करा," हे त्याचे वाक्य मला स्वयंपाकघरात दिवसातून दहादा ऐकू येते. त्याच्याकडची पुष्कळ मुले मार्गी लागली, हे मी नाकारत नाही. माझी औषधेही त्याच क्लासवर येतात. पण परवा मोठ्या परीक्षेत नातीची उत्तरपत्रिका यंत्राने बाहेर टाकली. गोलांच्या बाहेर काही लिहिले असेल तर ते यंत्र वाचतच नाही. सगळ्या विषयांत शून्य.

"माझ्या पाटीखाली माझीच मुलगी नापास!" मुलगा म्हणाला. "लोक तोंडात शेण घालतील, आई. सोमवारी तिला तिकडे सोडतो. सहा महिन्यांत सरळ करून पाठवतात."

"वाकडी कुठं आहे ती?"

"तू मध्ये पडू नकोस. शंभरातले नव्वद गोल तिला डोळे मिटून येतात. बसली काय करत? गोष्ट लिहीत!"

नातीच्या शाळेच्या मोठ्या बाई त्याच्या वरताण. मला म्हणाल्या, "आजी, कल्पनाशक्तीला आमच्याकडे वेगळा तास आहे, शुक्रवारी." मी म्हटले, "आणि बाकीचे दिवस ती कुठं ठेवायची?" त्यांनी घंटा वाजवून शिपायाला बोलावले. त्यांना माझ्याकडून काही नाही. त्यांच्या दोन साड्यांचे फॉल लावून तयार आहेत, तेवढे मात्र पोचते करावेत.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. नात चिमटे गोळा करत होती. मी विचारले, "काय लिहिलंस गं एवढं?"

"आजी, पेपरात एक म्हातारा नावाडी होता. वल्ही उचलतो आणि संपतंच. चारही उत्तरं खरी वाटत होती. मग मी म्हटलं, आधी त्याला पोचवू या, म्हणजे कळेल का निघाला ते."

माझ्या हातातली चादर खाली गेली. जुने उतारे मंडळाच्या साठ्यात पडून असतात आणि फिरून वापरले जातात, हे मला ठाऊक होते. हाच फिरून माझ्याच घरात येईल, हे ठाऊक नव्हते. तो कोणाचा, हे तिला माहीत नव्हते.

"मग? पोचला?"

"हो तर! पलीकडे पुलाचा रखवालदार उभा होता. रोज लोकांना पुलावरून जाताना बघून कंटाळला होता बिचारा. म्हणाला, मला एकदा पाण्यातून ने."

मी चादर पुन्हा झटकली, घडी घातली. इतक्या वर्षांत मी स्वतः पुष्कळ शेवट लावून पाहिले होते. सगळ्यांत पलीकडे कोणीतरी मेलेले असायचे.

कलम पाचवे. पुढची खोली नातीची. मुलाने बाके दुसरीकडे न्यावीत. खोलीत काय करायचे ते तिने ठरवावे आणि कोणी तिला कारण विचारू नये.

कलम सहावे. यांचे टेबल विकू नये. एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा घालावा.

कलम सातवे. आता मी चौथे कलम पुन्हा वाचले. उठले, पाणी प्यायले, परत वाचले. ती अट म्हणजे मी मुलापुढे मांडलेला पेपरच झाला: हा गोल भरलास तर घर, तो भरलास तर रस्ता. मलाही तेच करायचे असेल तर तक्रार कसली? शिवाय घर जाईल या भीतीने ठेवून घेतलेली पोर या घरात मोकळी कशी राहील? म्हणून चौथ्या कलमातली अट मी रद्द करते. घर मुलाला आणि सुनेला, पुढची खोली सोडून, बिनअट. नातीला माझ्यामागे कोणाच्या हवाली करण्याचा अधिकार मला नाही. तो असता तर पहिले कलम तेच असते.

हे सगळे मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले, कारण कुलूपवाले शेजारी म्हणाले, "वहिनी, आत काय आहे ते कळल्याशिवाय मी सही करत नाही. धंद्याची खोड आहे." दोघांनी माझ्यादेखत सही केली आणि मी त्यांच्यादेखत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, क्लास सुटल्यानंतर.
तारीख: रविवार, परीक्षेच्या निकालाच्या आठवड्यातला.
सही: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार: १. शेजारचे कुलूपवाले २. औषधाच्या दुकानातल्या मावशी

पुरवणी. वरचे वाचून होत असताना मुलगा दारात उभा होता. कधी आला ते कळले नाही. साक्षीदार गेल्यावर तो तिथेच खाली बसला, लहानपणी बूट घालायला बसायचा तसा.

"आई, त्या सकाळी मीही ऐकत होतो," तो म्हणाला. "मलाही बाबांना विचारायचं होतं. तो पलीकडे गेला का ते. पण ते उशीर झाला म्हणत होते."

"मग आता विचार की. वर आहे ती."

"तू वाचलंस ना आत्ता. ऐकलं मी."

"माझ्याकडून ऐकलंस. जिनं लिहिलंय तिला विचार."

तो गुडघा धरून उठला. मग जिना चढून गेला. वरून आधी तिचाच आवाज येत होता. नंतर त्याचा आला, "अगं पण रखवालदारानं पुलावर कोणाला बसवलं?" मग पुन्हा तिचा.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी पाणी भरले, दूध तापवले, जिन्याखालची पेटी उघडली आणि तिचे कपडे परत कपाटात लावले.

सही: वरीलप्रमाणे. साक्षीदार: तेच दोघे.