चाकाला लावलेलं खोबरेल

आई, इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसलो आणि विषय काय, तर मोटरसायकल. असतीस तर कपाळाला हात लावला असतास. अमेरिकेत शॉमबर्गच्या आमच्या घरी तू नातीला सांभाळायला आलीस, तेव्हा गॅरेजमधली ती गाडी बघून तुझा पहिला प्रश्न होता, "आणि पडलास म्हणजे?" मी मोठ्या ऐटीत तुला क्रॅश गार्ड दाखवला. कॅटलॉग बघून मागवलेला, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मी स्वतः बसवलेला, जाड लोखंडी नळीचा. गाडी आडवी झाली तरी पाय खाली सापडत नाही, म्हटलं. तू तो दोन्ही हातांनी हलवून बघितलास आणि मगच मला आत चहाला बोलावलंस.

त्या दसऱ्याला सकाळी मी मागचं चाक स्टँडवर उचलून चेन साफ करत होतो. तू शाल पांघरून शेजारी उभी होतीस. मी चेनला तेल घालत होतो, तू हाताने चाक फिरवून देत होतीस, आणि आपण दोघं फार खुशीत होतो, हे मला नीट आठवतं. मग मी आंघोळीला गेलो आणि तू गाडीच्या पूजेला लागलीस. हळदकुंकू, दुकानातून आणलेली पिवळी शेवंती. तिकडे आपल्या घरी दसऱ्याला अडकित्त्यापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्या लोखंडावरून तुझा तेलाचा हात फिरायचा. इथल्या थंडीने गोठलेली खोबरेलाची बाटली तू गरम पाण्यात धरलीस आणि मागच्या चाकाची चकचकीत तबकडी तेलाच्या फडक्याने छान पुसून काढलीस. ती ब्रेकची डिस्क. तिला तेलाचा थेंब चालत नाही, हे मी तुला सांगितलंच नव्हतं.

पूजेनंतर मी गाडी घेऊन फेरीला निघालो. वळणावर मी मागचा ब्रेक दाबतो आणि तो धरतच नाही. घाबरून पुढचा करकचून दाबतो, ओल्या पानांवरून चाक सटकतं आणि गाडी आडवी. गार्ड वाकला, पाय वाचला. मागून येणाऱ्या ऑफिसातल्या मित्राने मला उठवलं. मी डिस्कला बोट लावून वास घेतला, खोबरेलाचा, आणि माझं डोकंच फिरलं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा तू दारातच होतीस. "लोखंड आहे, गंजेल म्हणून पुसलं रे," तू म्हणालीस. "चाकाला तेल लागतं ना? तूच तर घालत होतास."

"जाऊ दे यार, काकूंना काय माहीत. गार्डने सेव्ह केलं ना?" मित्र म्हणाला. पण मी त्याच्यासमोरच ओरडलो, "यापुढे मला विचारल्याशिवाय या घरातल्या कशालाही हात लावायचा नाही!" आणि वर त्याच्याकडे वळून हसलो, "शी ब्लेस्ड माय ब्रेक्स." तुला तेवढं इंग्रजी येत होतं. ते आठवलं की अजूनही तोंड लपवावंसं वाटतं.

तू रडली वगैरे नाहीस. माझा शब्द मात्र तंतोतंत पाळलास. फ्रिज उघडण्याआधी "उघडू का?" शेगडी लावण्याआधी "लावू का?" बायको म्हणाली, "त्यांना सॉरी म्हण, मला बघवत नाही." मी म्हटलं, होईल सगळं ठीक. एकदा पाळण्यात लेक रडून लाल झाली होती आणि तू दोन्ही हात पदरात धरून नुसती शेजारी उभी. मी आत आलो तशी म्हणालीस, "घेऊ का रे हिला?"

"घे," म्हणालो मी. "हे काय विचारणं झालं, आई," असं म्हणालो नाही.

तू परत गेलीस, पुन्हा आली नाहीस, आणि मग कायमचीच गेलीस. रागाच्या भरात बोललो, माफी मागायची राहून गेली, असं मी लोकांना सांगतो. तेही हळहळतात. पण राग दुसऱ्या दिवशीच गेला होता, आई. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये म्हणून लिहितो: तू प्रत्येक गोष्ट मला विचारायचीस ना, ते मला आवडायला लागलं होतं.