पर्यवेक्षिकेच्या फेऱ्या

नागाव, ५ फेब्रुवारी १९३३

लिहायला लागले ते नलूमुळे. आज सराव-परीक्षेला तीन तास बसून तिने कोरी उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली. माझ्याकडे राहून ती इंटरची दुसऱ्यांदा तयारी करते आहे. वडिलांनी बजावले आहे — या खेपेला नापास झालीस तर चौलला परत ये, कॉलेज बंद. हुशार मुलगी! पण प्रश्नपत्रिका हातात आली की बोटे गार पडतात. वडिलांना हे कळवणार नाही. म्हणून इथे.

६ फेब्रुवारी

योजना ठरली. सरावाने भीती जाते. ओटीवर मेज, भिंतीवर घड्याळ, बोलणे बंद, मी फेऱ्या घालणार — हुबेहूब विद्यापीठाचा हॉल. मुलींच्या हॉलवर पर्यवेक्षिका म्हणून दरवर्षी मीच असते. शिस्त मला कुणी शिकवायला नको. नलूच्या कॉलेजातल्या नीराबाई रजा घेऊन आल्या आहेत, त्या पेपर तपासतील. मुलींचा निकाल चांगला लागला तरच त्यांची नोकरी कायम व्हायची, तेव्हा त्याही नखे खात बसतात. दोघींना सरळ करते. फार दिवसांनी अंगात एवढा जोर आला आहे!

९ फेब्रुवारी

पुन्हा कोरी. नलू अडली की मी तिच्या खांद्याशी जाऊन उभी राहते — धीर यावा म्हणून. आज उभी राहिले तर लिहिलेलेही तिने खोडले. नीराबाईंनी कालच्या गुणांची बेरीज चुकवली. दोघींना रागावले. उद्यापासून दिवसाला दोन पेपर.

१४ फेब्रुवारी

कामाला अलिबागला गेले होते. टांगा लवकर मिळाला, दुपारीच परत. ओटीवर नलू नाही! वाडीत आमची कामाची मनुबाई माडाच्या झावळ्यांचे झाप विणत बसलेली, आणि समोर पाण्याच्या पाटात पाय सोडून नलू तिला पानिपत सांगते आहे!

"मंग बायामाणसां कशाला नेली संगती?"

"तीर्थयात्रा घडावी म्हणून, मनुबाई."

"लढाईला जात व्हते का जत्रेला!"

नलू खदखदून हसली आणि पराभवाची कारणे धडाधड सांगत सुटली. मी माडाआड उभी.

मेजावर सकाळचा पेपर. शेवटच्या प्रश्नापर्यंत लिहिलेला, तपासलेला. बेरीज बरोबर. शेजारी चटईवर नीराबाई चक्क घोरत होत्या.

मनुबाई झाप ठेवायला आली तेव्हा म्हणाली, "तुमी घरान नसलाव का लय बोलतंय पोरगी."

१५ फेब्रुवारी

प्रयोग करायचा! एक दिवस मी ओटीवर, एक दिवस चौलच्या देवळात. बाकी सगळे तेच — तेच मेज, तेच घड्याळ.

१८ फेब्रुवारी

शोध लागला! मी असले की पेपर अडतो, नसले की सुरळीत. एकदाही चुकले नाही. नीराबाईंना सांगायला मी धावतच गेले. त्या हसल्या नाहीत.

"बाई, तुम्ही समोर बसलात की माझीसुद्धा बेरीज चुकते."

"मी काय खाते तुम्हाला?"

"नाही हो. पण नलू पेपरला भीत नाही. गेल्या वर्षी हॉलमध्येही तुम्ही तिच्या खांद्याशी येऊन उभ्या राहत होता."

"धीर द्यायला."

"ते तिला कुठे ठाऊक?"

१९ फेब्रुवारी

जेवताना नलूने विचारले, "यंदाही हॉलवर तुम्हीच ना, बाई?" हो म्हटले. तिने ताट सारले.

मुंबई, २४ फेब्रुवारी

विद्यापीठाच्या कचेरीत जाऊन नेमणुकीचा हुकूम आणि पर्यवेक्षिकेची फीत कारकुनाच्या स्वाधीन केली. त्याने कारण विचारले. 'प्रकृती' लिहून दिले. प्रकृती ठणठणीत आहे.