ब्रुनोच्या लशीचे एकवीस दिवस

१६ ऑक्टो., गुरु.
ब्रुनोची रेबीजची लस जुलैतच संपलेली. डॉक्टरीणबाईंनी त्याचा पासपोर्ट दोनदा उलटून बघितला, म्हणाल्या, पहिल्यापासून सुरुवात. आज टोचली, देशाबाहेर न्यायचं तर एकवीस दिवस थांबा. म्हणजे ६ नोव्हें. तेवीस वर्षं गाडीच्या चासीत काय काय बिघडेल याचे तक्ते भरले आणि स्वतःच्या कुत्र्याची तारीख बघितली नाही. शाब्बास, विनायकराव.
वोनवागन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, दारात तयार. सोमवारी निघायचं होतं. फ्रान्समधून खाली स्पेन, मार्चपर्यंत समुद्राकाठी, मी आणि ब्रुनो. आता बसा इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या धुक्यात.

१८ ऑक्टो.
पुण्याहून ताईचा फोन. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. "आईला कुणावर टाकू? तुला सुट्टी नाही म्हणतोस." आई अंथरुणाला खिळून तीन वर्षं झाली, सगळं ताईच करते. सप्टें.मध्ये तिने विचारलं होतं, हिवाळ्यात तीन महिने येशील का? मी म्हणालो, सुट्टी नाही, प्रोजेक्ट आहे.
कसलं प्रोजेक्ट. जूनमध्ये सह्या करून कंपनीतून बाहेर पडलोय. रोज सकाळी कुत्रा फिरवतो.

१९ ऑक्टो.
वोनवागनच्या गॅसची तपासणी झाली. बाथरूमचा वजनकाटा हुकखाली ठेवून पुढचा भार मोजला, जास्त भरला. कुकर आणि डाळींचा डबा मागे सरकवला. ठीक.
रेवाला फोन, येना शहरात शिकते. पोरगी मराठी सगळं समजते, बोलते जर्मनच. "साग्स इअर डॉख, पापा." सांगून टाक ना आत्याला. म्हटलं, हो हो, सांगतो. विषय बदलला, परीक्षा कधी वगैरे.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
एकट्याने काय करायचं. पणती लावली, ब्रुनोने शेपटीने विझवली. उमा असती तर दोघांनाही ओरडली असती. बायकोला जाऊन चार वर्षं.

२३ ऑक्टो., भाऊबीज
शेण खाल्लं आज.
बैठकीत प्रवासाच्या खोक्यांचा ढीग, तो दिसायला नको म्हणून फोन घेऊन वोनवागनमध्ये जाऊन बसलो. वर ऑफिसचा शर्ट, खाली हाफ पँट. कुंकू स्वतःच लावून घेतलं. ताईने दर वर्षीसारखं मोबाइलला ओवाळलं, डाव्या पायावर भार न देता, टेबलाला धरून. मग फोन आईसमोर धरला. आई म्हणाली, "छत एवढं खाली कसं रे?" एका डोळ्याने जेमतेम दिसतं तिला, आणि तेवढंच दिसलं. चोराच्या मनात चांदणं. ऑफिसातली छोटी केबिन आहे म्हणालो. ताई तबक हातात धरून उभी, आणि मी थापा मारतोय.
"ओवाळणीत काही नको," म्हणाली. "तब्येतीला जप."

२४ ऑक्टो.
ब्रुनो म्हातारा झालाय. सकाळी गादीवरच झालं त्याचं. कव्हर काढलं, धुतलं, त्याला कोमट पाण्याने पुसलं. शीळ घालत केलं सगळं. मग एकदम थांबलो.
लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय. गेल्या जानेवारीत पुण्यात होतो. ताई बँकेत गेलेली, आईचं अंथरूण खराब झालं. तिने हाक मारली. मी ऑफिसचा कॉल आलाय म्हणून गॅलरीत गेलो आणि बंद फोन कानाला लावून वीस मिनिटं उभा राहिलो. ताई येईपर्यंत आई तशीच. त्यामुळे जात नाही मी. कारण सुट्टी नव्हे, नोकरी नव्हे, कुत्रा नव्हे. ते.
कुत्र्याचं करतो. आईचं नाही जमलं.

२८ ऑक्टो.
ताईला फोन केला. ठरवून. म्हटलं, नोकरी जूनमध्येच गेली.
ती म्हणाली, "वेडा आहेस का विनू? नोकरी गेली म्हणून बहिणीपासून तोंड लपवतात? पाच महिने एकटा कुढत बसलास?" रडलीच.
तिला वाटलं नोकरीची लाज. छान, इभ्रतीचं कारण. मी ते घेतलं. हो म्हणालो. वोनवागन नाही, स्पेन नाही, गॅलरी नाही, काहीच सांगितलं नाही. उलट तिच्याकडून समजूत काढून घेतली. कातडीबचाऊ माणूस.
शेवटी म्हणाली, "मग आता सुट्टीचा प्रश्नच मिटला. येतोस ना?" मी म्हटलं, बघतो.

३१ ऑक्टो.
ताईच्या लेखी माझं "बघतो" म्हणजे हो. डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घेतली, २० नोव्हें. मेसेजमध्ये तीन वेळा "बरं वाटलं".
शेजारच्या फ्राऊ बोमना सहज विचारलं, ब्रुनोला ठेवाल का. "गेर्न, आनंदाने," म्हणाल्या, "मार्चपर्यंतसुद्धा." म्हणजे तीही सबब गेली.
तरी हिवाळी टायर तपासले. स्पेनच्या कॅम्पिंगला मेल केली की ७ला निघतोय. हात आपोआप करतात. 

४ नोव्हें.
विमानाची तिकिटं बघितली. पान उघडंच ठेवलं. ताईला खरं सांगावं तर ती ऑपरेशन रद्द करेल, आणि रागावणारही नाही. तीच भीती.
रेवा: "पापा, दू बिस्ट फाइगे." भित्रा आहेस. बापाला असं बोलतात का, म्हणणार होतो. म्हणालो नाही.

६ नोव्हें., गुरु.
एकवीस दिवस पूर्ण. सकाळी वोनवागन गाडीला जोडली. दिवे तपासले, ब्रेक, इंडिकेटर. ब्रुनो मागे जाऊन बसला. उद्याऐवजी आजच निघावं, असं काल झोपताना ठरवलं होतं. ताईला फ्रान्समधून कळवू, असंही.
तेवढ्यात ताईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज. आवाज आईचा, बारीक, मध्ये मध्ये थांबत:
"विनू, ताई म्हणते तू येतोयस. ये. माझं काही करायला नको हं तुला. बाई लावलीय त्याला. तुला नाही होत ते, मला माहितीय. तू आपला नुसता बाहेरच्या खोलीत बस. आवाज आला म्हणजे झालं."
चारदा ऐकला. ब्रुनोला खाली उतरवलं, पुन्हा बसवलं. उत्तर पाठवलेलं नाही. फ्राऊ बोम खिडकीतून हात करतायत, निघालात का म्हणून.