पट्टीला लागलेली दृष्ट

मु. पो. कळस, ता. इंदापूर
शनिवार, सकाळ

तीर्थरूप भानुदासमामा यांस,

उत्कर्षाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. सणसरला सगळे खुशाल असतील, मामींचे गुडघे जरा ऐकत असतील आणि तुमच्या उसाला एकदाची तोड मिळाली असेल अशी आशा करते. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात क्षेम फक्त म्हशीचं आहे. हे फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन कानाला लावला की कौसल्याकाकू शेजारी येऊन उभी राहते, आणि गाऱ्हाणं तिचंच आहे. (ती तुमची सख्खी बहीण, म्हणून माफी आधीच मागून ठेवते.) तेव्हा हे कागदावर लिहून त्याचा फोटो मामींच्या फोनवर पाठवणार आहे.

माझ्या पीएचडीचा विषय पेरोव्हस्काइट. काकूने त्यातला ‘पेरू’ तेवढा उचलला आणि निम्मं कळस मला पेरूची डॉक्टर समजतं. (मध्ये शेजारचे आबासाहेब फळमाशीवर औषध विचारायला आले होते, मीही सांगून टाकलं.) खरं तर हा पदार्थ प्लॅस्टिकच्या लवचिक पट्टीवर पातळ चढवला की ती उजेड मोजते. उजेड पडला की आपली वीज आपणच करते, बॅटरी मागत नाही. उसाच्या पानाला गुंडाळली की दाट फडात खालच्या पानांना ऊन किती पोचतं ते कळतं. (आकडे दाखवणाऱ्या डबीला सेल लागतो, पण ते मी काकूला सांगितलेलं नाही.) खोड एकच, तिच्या कडा मला अजून पक्क्या बंद करता आलेल्या नाहीत, त्यामुळे पाणी लागलं की ती संपते. तीन वर्षं बारामतीच्या प्रयोगशाळेत घासून धड पट्ट्या दोनच निघाल्या. सोमवारी आमचे सर त्या आपल्या उसात बघायला येणार आहेत. चालल्या तर प्रबंध लिहायला घ्यायचा. नाहीतर विषय बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझी चूक एवढीच, की काकूने “ही खाती काय?” असं विचारल्यावर मी सोप्या भाषेत सांगायला गेले, की काही खात नाही, नुसता उजेड बघते. काकूने थोडा विचार केला आणि म्हणाली, “उपाशी ऱ्हाऊन समदं बघती, म्हंजी डोळाच हाय की त्यो.” मी कौतुकाने हो म्हटलं. मग तो डोळा बघायला गाव लोटलं. आणि मामा, एवढ्या लोकांनी पाहिल्यावर दृष्ट लागणारच, म्हणून काकूने दोन्ही पट्ट्यांना बरोब्बर मधोमध काजळाचा ठसठशीत टिळा लावला. पट्टीचा बघणारा भाग बोटाच्या पेराएवढाच, तोही मधोमध.

मला काय ठाऊक! पट्ट्या फडात पानांना गुंडाळलेल्या, डबी बांधावर माझ्या हातात, आणि काल भर उन्हात तिच्यावर शून्य. मी रडत सरांना फोन करून कळवलं, की पदार्थ मेला. सर म्हणाले, त्यांना हे वाटतच होतं, तरी सोमवारी येतो. त्यानंतर फडात शिरून पाहिलं तेव्हा काजळ दिसलं. मी कोरड्या कापसाने एका पट्टीचा टिळा कडेला जरासा पुसला, तर आकडा टुणकन वर. मी आणखी कापूस आणायला घरात पळाले. तेवढ्यात माझ्यामागोमाग फडात आलेल्या काकूला आपली चूक उमगली आणि तिने दुसरी पट्टी ओल्या पदराने लखलखीत पुसून दिली. मी परत आले, तर ती माझ्या डोळ्यांदेखत तपकिरीची पिवळीजर्द झाली. काकू म्हणाली, “बघ, हिलाबी हळद लागली, आता तुझीच ऱ्हायली.” मला हसूही येईना. पडवीत बसून पोटभर रडले.

काकूवर राग धरवत नाही. मला दहावीपासून डबा तिनेच करून दिलाय. पण आता एकच पट्टी उरली आहे, आणि जीव तिच्यात अडकला आहे.

आपली,
उत्कर्षा

ता. क. : खरं काम असं, की काकूला आजच माहेरपणाला बोलावून घ्या आणि मंगळवारपर्यंत सोडू नका. भावाने बोलावलं की ती नाही म्हणत नाही. मी सांगितलं असं मात्र कळू देऊ नका.

ता. क. २ : फोटो काढायला उठले तर काकू घरात नाही. बाबा म्हणाले, ती मघाशीच तुमच्याकडे निघाली. जाताना सांगून गेली, “पोरगी रडून रडून आंधळी व्हायची. सोमवारपातुर माझ्या भावाकडं ऱ्हाईल ती पट्टी, हितं लई नजरा हायेत.” उरलेली पट्टी तिने पदराच्या गाठीत बांधून नेली आहे, आणि स्वतःचा फोन घरीच ठेवलाय. तुमच्याकडेही कुणी फोन उचलत नाही, म्हणून हाच फोटो पाठवते. मी मागोमाग निघतेच आहे, पण ती आधी पोचेल. मामा, तुमच्याकडे माहेरवाशीण आली की उंबऱ्याबाहेर भाकरतुकडा ओवाळून पायांवर तांब्याभर पाणी ओततात, आणि काकू पाय धुऊन पदरानेच पुसते. एवढ्या वेळी तिला कोरडीच घरात घ्या. भावाने दारात पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणून ती जन्मभर बोलेल. ते सगळं मी ऐकून घेईन.