सासरचा संघ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, ११ फेब्रुवारी १९५७

प्रिय महादेवी,

जिंकलो! काल शुक्रवार पेठेला शेवटच्या चढाईत लोळवलं आणि साखळीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलो. माझा आवाज पार बसलाय, करंगळी सुजून गाजरासारखी झालीय, म्हणून अक्षर असं आहे. आज शाळेत मुलींना पाढे फळ्यावर लिहूनच दिले. आपली दूधवाली अंबूबाई आठवते ना, तीन पोरांची आई? ती आता आमच्या डाव्या कोपऱ्यावर असते. काल त्यांची सगळ्यात चपळ पोरगी चढाईला आली आणि अंबूबाईनं तिचा घोटा असा धरला, की पोरगी आडवी आणि दम कुठल्या कुठे. रोज लाथाड्या म्हशी धरणारी बाई ती, तिला ही पोर म्हणजे काय! मैदानावर एवढा कालवा झाला, की दारावर बसवलेले तालमीतले पैलवान दार सोडून आत पळत आले.

आता तुझ्या छातीत धस्स झालं असेल. हौसा, तू शपथ मोडलीस, असं म्हणत असशील. हो, मोडली. तुझ्या लग्नात तू माझ्या गळ्याची शपथ घातली होतीस, की गारगोटीला पाठवायच्या पत्रात हुतूतूचा ह सुद्धा काढायचा नाही, सासरी पत्रं उघडून वाचतात. तीन वर्षं मी पाळली. लिंबाचं लोणचं, कैरीचं लोणचं, पुतणीचं बारसं, जे सुचेल ते लिहिलं. आणि तुझी उत्तरं कशी? 'सर्व ठीक. काळजी नसावी.' अगं, रेडिओवरच्या बातम्यांतसुद्धा याहून जास्त जीव असतो! ज्या पोरीचा दम अख्ख्या पेठेला पुरून उरायचा, तिला दोन ओळींत धाप लागावी? मला तुझा राग यायचा, आणि रागाखाली रडूही यायचं. पण आज घाबरू नकोस. हे पत्र तुझ्या सासूबाईंच्या हाती पडलं तरी पडू दे. कसं ते सांगते, पण जरा दमानं. तुलाही कळू दे वाट बघणं काय असतं.

तू गेलीस तेव्हा आपले सामने म्हणजे चहूकडून ताडपत्री लावून चोरूनमारून खेळायचा प्रकार होता. आता सहा पेठांची रीतसर साखळी आहे. पंच आहेत, शिट्टी आहे, चुन्याच्या रेषा आहेत. पाचवारी नेसून कसं खेळायचं म्हणून सगळ्या जणी नऊवारी कासोटा आवळून उतरतात. पण नियम एक असा करून ठेवलाय, की मायलेकींतच भांडणं लागावीत. लग्न झालेल्या बाईनं सासरच्या पेठेकडून खेळायचं! त्यामुळे आपल्या तीन पोरी शुक्रवारातल्या घरांत पडल्या आणि आमच्याच अंगावर चढाया करायला लागल्या. तिथल्या झुंबरबाईंनी सून बघताना पत्रिका बाजूला ठेवून पोरीला परसात पळवून बघितलं म्हणे. आपल्या गल्लीतही आता पोरीचं लग्न ठरलं की आई हुंड्याआधी पेठ विचारते.

मागच्या महिन्यात कमिटीची बैठक झाली, तेव्हा मी उभी राहून म्हटलं, लेक सासरी गेली तरी तिला माहेराकडून खेळू द्या. खरं सांगू का? मी पेठेसाठी भांडतच नव्हते, तुझ्यासाठी भांडत होते. माहेरपणाच्या निमित्तानं यायचीस, दोन सामने खेळून जायचीस, कुणाला पत्ता लागला नसता. पण झुंबरबाई कडाडल्या, "लेक दिली म्हंजी दिली की! खेळ तेवढा परत मागतीस व्हय?" हात वर झाले आणि मी हरले. कमिटीचे सयाजीराव मला समजावत होते आणि मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. तुझी चढाई पुन्हा दिसणार नाही, एवढंच डोक्यात होतं. पंचगंगेच्या घाटावरून ओल्या धुण्याची बुट्टी डोक्यावर घेऊन तू हुतूतू करत वर यायचीस, एका दमात, घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत. बायांना वाटायचं चनबसाप्पांच्या पोरीला काहीतरी लागिरलंय. ते सगळं चुलीत गेलं, असं वाटून घरी आले आणि जेवले नाही.

आता कालचं ऐक. सामना सुरू असताना प्रेक्षकांत एक इरकली लुगड्यातल्या बाई होत्या. आमची पकड आली की उभ्या राहून "हिडी! हिडी!" म्हणून ओरडायच्या. धर, धर! एवढ्या कोल्हापुरी आरड्यात त्यांचं कानडी उठून ऐकू यायचं. सामना संपला आणि त्या सरळ माझ्यासमोर. "तू हौसा न्हवं? आमच्या महादेवीची दोस्तीण?" महादेवी, तुझ्या सासूबाई! शांतव्वा! भावाकडे दोन दिवस आल्या होत्या. मी कासोटा खोचलेली, तोंडाला माती, आणि घाबरून बोलायला सुरुवात कशानं करावी? "यंदा लिंबं बरी निघालीत नाही का?" म्हटलं. त्या हसायला लागल्या त्या थांबेनातच.

म्हणाल्या, "लिंबं ऱ्हाऊ दे. म्या तिला लग्नाआदीच खेळताना बघितलीया म्हण की." तुझं लग्न ठरण्याच्या वर्षी त्या अशाच भावाकडे आल्या होत्या आणि भावजयीबरोबर आपल्या ताडपत्रीच्या आत येऊन बसल्या होत्या. "एका दमात चौघी बाद केल्या पोरीनं. म्या घरी जाऊन मालकास्नी सांगितलं, रुद्राप्पाला बायकू आणीन तर हीच." कळतंय का तुला? तू खेळायचीस हे लपवून तुझं लग्न झालं नाही. तू खेळायचीस म्हणून झालं! आणि बघायला आले तेव्हा तुझ्या हनुवटीवरचा व्रण पाहून कुणी काही विचारायच्या आत तुझ्या माई म्हणाल्या होत्या ना, की देवघराच्या उंबऱ्याला ठेचकाळून पडली? तेव्हा त्यांनी हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात धरला होता. आम्हाला वाटलं, बाई फार सोवळ्या आहेत.

मग मी चिडले. म्हटलं, एवढं ठाऊक होतं तर तीन वर्षं बोलला का नाहीत? त्यांचा चेहरा उतरला गं. म्हणाल्या, "आज सांगंल, उद्या सांगंल म्हणून वाट बघितली. म्या आपणहून इचारलं तर तिला वाटायचं, सासू खोड काढाय लागली. पर हिरीवर पाणी शेंदताना त्वांडातल्या त्वांडात हुतूतू करत्या, बादली वर येस्तवर दम सोडत न्हाय. म्या गोठ्यात हुबी ऱ्हाऊन ऐकत्या रोज." महादेवी, मी तिथेच, सगळ्या मैदानादेखत, त्यांच्या गळ्यात पडून रडले.

आणि रडता रडता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासरच्या गावाकडून खेळायचं ना? मग गारगोटी काय नकाशात नाही? शांतव्वांचा हात धरला आणि सयाजीरावांना गाठलं. ते मैदानातली दोरी गुंडाळत होते. साखळी संपली की बाहेरगावच्या संघांचे सामने होणार आहेत, कागलच्या बायांनी नाव दिलंच आहे. मी म्हटलं, गारगोटीचं घाला, पुढारी महादेवी. त्यांनी विचारलं, बाकीच्या सहा कुठायत? तर तुझ्या सासूबाई बोटांवर मोजायला लागल्या. तुझ्या दोघी जावा, घाण्यावरची धोंडुबाई, तिच्या दोन नणंदा. "आन् सातवी न्हाय घावली तर म्या हाय की!" सयाजीरावांनी हात जोडले.

तेव्हा हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं, त्या समोरच उभ्या असतील. त्यांना वाचता येत नाही, पण यात काय आहे ते सगळं ठाऊक आहे. मला म्हणाल्या, "म्या सांगितलं तर लाजंल. तू लिव." म्हणून लिहिलं. आता वर बघ आणि त्यांच्याशी बोल. तीन वर्षं गोठ्यात उभं राहायला लावलंस त्या बाईला. आणि मग सराव कर, कारण होळीनंतरच्या पहिल्या रविवारी गारगोटीचा पहिला सामना मंगळवार पेठेशी आहे. मी मुद्दामच तसा मागून घेतलाय. डाव्या कोपऱ्यावर अंबूबाई असेल, मध्ये मी असेन, आणि तुला सोडायचा आमचा विचार नाही. पहिली चढाई तुझी. ये.

तुझीच, आणि त्या एका रविवारपुरती तुझी वैरीण,
हौसा