सात किलोच्या आत

३ नोव्हेंबर, सकाळ
लेकीने विमानाचं तिकीट पाठवलं. फोनवर. जायचं तेराला. परतीचं नाही. का ते विचारलं तर म्हणाली, आई, आधी ये तर खरी. मला बरी दिसलीस तर परतीचं मी स्वतः काढून देईन. नाही दिसलीस तर इथेच राहायचं आणि ते घर बंद करायचं. आवाज अगदी यांचा.

मी बरीच आहे. चैत्रात हे गेले, नंतर लेक इथे राहून गेली, तेव्हाही बरीच होते. रडलेसुद्धा नाही. शेजारणींना विचारा. त्यानंतर तिने मला पाहिलं ते फोनवर, आणि फोनवर म्हणे तिला माझं कपाळ आणि वरचा पंखाच दिसतो. त्यावरून काय कळणार?

खरं तर आधाराची गरज तिलाच आहे. नोकरी करते, घराला शिस्त नाही. थोडे दिवस राहून तिची घडी बसवून द्यायची आणि परत यायचं.

ठरवलं: एकच बॅग, केबिनची. स्वतः भरायची, स्वतः उचलायची, कुणाचा हात लागू द्यायचा नाही. आपली बॅग घेऊन ताठ चालत येणारी आई बघितल्यावर काय बोलणार आहे ती?

४ नोव्हेंबर
विमान कंपनीचे नियम छापून आणले. पाठपोट, कागद वाया जायला नको. इंग्रजीत आहेत. मी जुनी मॅट्रिक आहे, कुठे अडलं नाही.

बॅग एक, सात किलोच्या आत. शिवाय एक पर्स. पातळ काहीही शंभर मिलीपर्यंत. केसांच्या तेलाची बाटली दोनशेची, पण अर्धी संपली आहे. म्हणजे शंभरच झाली. औषधाच्या दुकानदाराला विचारलं, तो सारखा विमानाने जातो. म्हणाला, काकू, ते तेल बघत नाहीत, बाटली बघतात. मी म्हटलं, मग रिकामी बाटली नेली तर तिच्यात दोनशे मिली तेल आहे असं धरतील का? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काडेपेटी चालत नाही. तिकडे विजेचा दिवा चालेल का, असं देवालाच विचारलं. हरकत दिसली नाही.

पॉवर बँक मात्र खालच्या सामानात द्यायची नाही, जवळच ठेवायची. पेट घेणारी वस्तू माणसांत आणि निरुपद्रवी तेल विमानाच्या पोटात. असो. नियम त्यांचे.

६ नोव्हेंबर, दुपार
वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून वजनाचा काटा आणला. वर उभं राहायचा. नुसती बॅग ठेवली तर आकडा बॅगेखाली झाकला जातो. म्हणून बॅग उचलून आपण चढायचं आणि आपलं वजन वजा करायचं. ही युक्ती माझी.

वहिनी म्हणाल्या, आधी नुसत्या तुम्ही उभ्या राहा ना. मी म्हटलं, माझं मला माहीत आहे, बासष्ट. गेल्या वर्षी हॉस्पिटलात यांना काट्यावर उभं केलं होतं, तेव्हा नर्सला सांगून मीही करून घेतलं होतं. उगाच पुन्हा कशाला चढायचं? परकी वस्तू, स्प्रिंग झिजते. वहिनी काहीतरी बोलणार होत्या, मग नाही बोलल्या. तोंड उघडून मिटतात अलीकडे, सवयच लागली आहे.

बॅगेसकट सदुसष्ट. म्हणजे बॅग अवघी पाच. एवढं भरून! दोन किलो अजून शिल्लक. देवाची कृपा.

७ नोव्हेंबर
शिल्लक जागा वाया घालवू नये.

यांचा लोकरी कोट घेतला. जावयांना होईल. जावई यांच्यापेक्षा वीतभर उंच आहेत, पण बाह्या सोडवून घेता येतील. कपाटात लटकवून ठेवण्यापेक्षा बरं. कपाट उघडलं की उगाच समोर येतो.

लेकीसाठी लोखंडी खलबत्ता. ती सगळं पाकिटातलं खाते. देवांचा डबा सर्वांत वर, म्हणजे त्यांना दडपण नको.

काट्यावर एकोणसत्तर. वजा बासष्ट, सात. काठोकाठ. एक रुमालसुद्धा जास्त नाही. असा हिशेब कॉलेजात शिकलेल्यांना जमत नाही.

९ नोव्हेंबर
किरकोळ तक्रारी लिहून ठेवते. कपडे धुण्याची नवी पावडर वाईट आहे. सगळे कपडे सैल करून टाकले, प्रवासाच्या ब्लाउजला दोन पिना लावल्या. साबणही निसरडा आलाय, अंगठी बोटातून निघून बेसिनमध्ये पडली. जाळी होती म्हणून वाचली.

काटकसर मात्र उत्तम चालली आहे. गॅसचा सिलिंडर संपता संपत नाही. दूध पाव लिटरवर आणलं, त्यातलंही उरतं. दूधवाला म्हणाला, काकू, एवढ्यात मांजरही जेवत नाही. मी म्हटलं, तुला तुझा खप दिसतो. एका माणसाला लागतं किती? संध्याकाळी चहा झाला की पुन्हा चूल पेटवायची गरजच पडत नाही.

लेकीचा फोन. जेवलीस का? हो म्हटलं. काय केलं होतंस? आठवेना. म्हटलं, तेच नेहमीचं.

११ नोव्हेंबर
रंगीत तालीम. बॅग घेऊन जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर टेकले, पहिल्यावर टेकले. सात किलो सात किलो म्हणतात, पण बरंच असतं की. खाली वॉचमनने पटकन बॅग घेतली आणि तिथेच ठेवली. म्हणाला, काकू, आत कोण बसलंय? मी म्हटलं, नियमाप्रमाणे सात आहे, मोजलेलं. त्याने पुन्हा उचलून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. पंचविशीतला मुलगा. आजकाल कुणाच्या अंगात जोर म्हणून नाही.

परत वर त्यानेच आणून दिली. ही तालीम होती, ती धरायची नाही.

१२ नोव्हेंबर
बॅग पुन्हा तोलली. एकोणसत्तर. काटा परत केला, पुसून. वहिनी म्हणाल्या, तिकडे राहा हो निवांत. मी म्हटलं, लगेच येणार आहे, देवांना बरोबर नेतेय म्हणून घाबरू नका. त्यांनी माझा दंड धरला आणि धरूनच ठेवला. दूध तापत ठेवलं होतं म्हणून मला निघावं लागलं. घरी आले तर गॅस लावलाच नव्हता.

१३ नोव्हेंबर, विमानतळ, खुर्चीत
शांतपणे लिहिते.

काउंटरवरच्या मुलीने बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. पंधरा किलो. मी म्हटलं, बाई, तुमचा काटा दुरुस्त करून घ्या. ती म्हणाली, काकू, काटा सकाळीच तपासलाय. मी म्हटलं, हातच्या काकणाला आरसा कशाला? माझं वजन बासष्ट. मी उभी राहते, बासष्ट दाखवलं तर तुमचा काटा खरा. मागे रांग नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, बॅग बाजूला घेतली. मी चपला काढून पट्ट्यावर चढले.

चौपन्न.

मी म्हटलं, बघा, तुमचा काटा कमी दाखवतो. ती म्हणाली, काकू, काटा कमी दाखवत असेल तर बॅग पंधराहूनही जास्त असेल.

हे मला सुचलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. आकडा हलला नाही. तिने हात पुढे केला, तो धरून उतरले. तिने चपला सरळ करून माझ्या पायापुढे ठेवल्या. मग हळू आवाजात विचारलं, काकू, बरोबर कोणी आहे का? मी म्हटलं, नाही.

मग तिने सांगितलं की माझ्या तिकिटात खालचं सामान पंधरा किलो आहेच. लेकीने घेऊन ठेवलं होतं. मी केबिनचेच नियम वाचले. बॅग खाली द्यावी लागली, खलबत्ता तसाही वर चालला नसता. देवांचा डबा आणि पॉवर बँक पर्समध्ये घेतली. कोटही काढून घेतला. तो आतच राहिला असता तर चाललं असतं, पण घेतला. अंगावरचं मोजत नाहीत, असं ती म्हणाली. अंगावर घातला.

आठ किलो कधी गेले, कळलं नाही. घरातून चमचा गेला तर मला कळतं.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ, लेकीकडे
बॅग पट्ट्यावरून आली. माझ्यासमोरून गेली. फिरून पुन्हा आली. तिसऱ्यांदा एका अनोळखी गृहस्थाने उतरवून दिली आणि ट्रॉलीवर ठेवली.

लेक काचेच्या पलीकडे उभी होती. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या माणसांकडे बघत राहिली. मान उंच करून, टाचा वर करून मलाच शोधत होती. मी हात केला. कोटाची बाही लांब, हात दिसलाच नसावा. शेवटी मीच तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

गाडीत ती रस्त्याकडेच बघत होती. बॅगेबद्दल मी बोलायला घेतलं, ती हो हो म्हणाली. घर आवरलेलं आहे. स्वयंपाक केलेला होता. तिने ऑफिसातून रजा काढली आहे. किती, ते विचारलं नाही.

परतीच्या तिकिटाचं ती बोलली नाही. मीही नाही.

भात वाढला. पुरे म्हटलं. तिने पुन्हा वाढला आणि समोर बसून राहिली. चव कळली नाही. खाल्ला.