मोठ्या आचेवरची परीक्षा

धरण वसाहत, हिमाचल
२ डिसेंबर २०२४

ती. आईस,
दीपमालाचा जयभीम.

इथे फोन लागत नाही, म्हणून पत्र. जानेवारीत आम्हाला धरणाचे दरवाजे पाण्याखाली जाऊन तपासायचे आहेत. पाणी चार अंश. रेग्युलेटर निवडायचं काम माझ्याकडे आलंय. पाठीवरच्या बाटलीतली दाबलेली हवा श्वासापुरती करून तोंडात देतं, ते यंत्र. आमची जुनी यंत्रं समुद्रात उत्तम चालतात. पण एवढ्या थंडीत आत गेलेलं पाणी गोठतं, झडप उघडीच अडकते आणि सगळी हवा भसाभस निघून जाते. आत पाणी शिरू न देणारी बंद बनावटीची यंत्रं मिळतात, पण यायला वेळ लागेल. आमचे इंद्रजित सर आपल्या दिग्रसचे. ते म्हणतात, जुनं बर्फाच्या टबात दहा मिनिटं छान चाललं, मग नखरे कायले? मी एकटीच अडून बसले आहे. तुला काय वाटतं?

तुझी,
दीपमाला

दारव्हा
११ डिसेंबर २०२४

चि. दीपमाला हिस,
आईचा जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. मग मोबाइलवर रेग्युलेटरचं वाचलं, अडलं तिथे तुझा शाळेतला शब्दकोश काढला.

लग्नाच्या स्वयंपाकात चहापुरती आच असली की सिलिंडर कोरडा राहतो. मोठी भट्टी पेटवली की हिवाळ्यात भर दुपारी त्याच्यावर पांढरा बर्फ धरतो. तुझ्याकडेही तसंच होत असेल. टबात सावकाश श्वास घेणं ही चहाची आच झाली. खाली दरवाज्याशी झटताना, घाबरल्यावर, माणूस भट्टीएवढी हवा ओढेल. परीक्षा मोठ्या आचेवर घे.

तुझे बाबा विहिरीतली मोटार काढायला उतरण्याआधी खालची हवा चांगली आहे का बघायला कंदील सोडायचे, तुला आठवतंच. त्या दिवशी वामनरावांच्या विहिरीत कंदील विझला. वामनराव म्हणाले, वारा लागला असंल, पीक वाळून राह्यलं, उतर लवकर. दोर माझ्या हातात होता. तुझ्या बाबांना नाही म्हणता आलं नाही, मलाही नाही. ते उतरले, ते जिवंत वर आले नाहीत. अकरा वर्षं ते ‘नाही’ मनात म्हणते आहे. तू तोंडानं म्हण.

स्वेटर घालत जा.
तुझी आई

धरण वसाहत
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस जयभीम.

सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. जुन्या यंत्रातून जोरात हवा ओढत राहिले. चौथ्या मिनिटाला बर्फ धरला, झडप अडकली, बघता बघता बाटली रिकामी. याच्यावर मी उतरणार नाही, आणि कुणाला उतरवणारही नाही, असं सरांना सांगितलं. काम तीन आठवडे पुढे गेलं. बंद बनावटीची यंत्रं आली, ती तशाच आचेवर वीस मिनिटं टिकली. काल उतरलो, दरवाजे तपासले, सगळे वर आलो.

सरांनी विचारलं, मोठ्या आचेचं कोणत्या पुस्तकात आहे? म्हटलं, माझी आई दारव्ह्यात लग्नांचा स्वयंपाक करते. नखरे हा शब्द त्यांनी परत घेतला आणि काकूंना जयभीम सांग म्हणाले.

तुझी,
दीपमाला

दारव्हा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमाला हिस जयभीम.

तुझं पत्र पिशवीत घेऊनच बाजारात गेले होते. वामनराव भेटले. फार थकलेत. पोरगी काय करते, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पाण्यात उतरते. आणि उतरायचं नसलं तर उतरत नाही.

मी वांगी घेतली आणि घरी आले.

माया आहे तशीच असू दे.
तुझी आई,
शकुबाई